बंकरमधला माणूस

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

रेडिओवर सिनेमाबद्दल बोलायचं म्हणजे जरा अवघडच. पडदा काही दाखवता येत नाही. पण आजच्या विषयाची सुरुवात सुदैवाने एका आवाजापासूनच होते.

४ जून १९४२. फिनलंडचे सरसेनापती मानरहाइम यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस होता आणि शुभेच्छा द्यायला हिटलर स्वतः तिथे गेला. भेट झाली रेल्वेच्या एका डब्यात. फिनलंडच्या नभोवाणीचा एक तंत्रज्ञ तिथे भाषणं मुद्रित करायला आला होता. औपचारिक भाषणं संपली, पण त्याचं यंत्र चालूच राहिलं. डब्यातलं खासगी बोलणं सुमारे अकरा मिनिटं फितीवर उतरलं, मग हिटलरच्या रक्षकांच्या लक्षात आलं आणि मुद्रण थांबलं. फीत मात्र वाचली. सभेत गर्जणारा, हात उगारणारा हिटलर आपल्या ओळखीचा आहे. या फितीत तो नाही. इथे एक मध्यमवयीन गृहस्थ खर्जातल्या आवाजात, सावकाश बोलतो आहे. रशियाकडे एवढे रणगाडे असतील असं कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं, अशा अर्थाचं काहीतरी तो यजमानांना सांगतो आहे. जेवणानंतर पानसुपारी होताना एखादा पाहुणा बोलतो ना, तसा हा सूर.

साठेक वर्षांनी ब्रुनो गान्झ या स्विस नटाने हीच फीत अभ्यासासाठी ऐकली. पार्किन्सनच्या आजाराने हात कसा थरथरतो हे पाहायला तो रुग्णालयात जाऊन आला. आणि सप्टेंबर २००४ मध्ये जर्मनीत एक चित्रपट प्रदर्शित झाला, ‘डेर उंटरगांग’. जर्मन भाषेत जहाज बुडतं त्यालाही हा शब्द आणि सूर्य मावळतो त्यालाही. इंग्रजीत त्याचं नाव झालं ‘डाउनफॉल’. या चित्रपटाबद्दल टीकाकार काय म्हणाले, प्रेक्षक काय म्हणाले, आणि त्या गदारोळातून आपण काय घ्यावं, हा आजच्या बोलण्याचा विषय.

ज्यांनी चित्रपट पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायला हवं. दिग्दर्शक ओलिव्हर हिर्शबीगेल, पटकथाकार आणि निर्माता बेर्न्ड आयशिंगर. आधार दोन पुस्तकांचा. एक इतिहासकार योआखिम फेस्ट यांचं हिटलरच्या अखेरच्या दिवसांवरचं पुस्तक, आणि दुसरं ट्राउडल युंगे या हिटलरच्या चिटणीस बाईंच्या आठवणी. चित्रपट अडीच तासांहून मोठा आहे. सुरुवातीचा प्रसंग १९४२ सालचा. चिटणिसाच्या जागेसाठी काही मुली रात्री हिटलरच्या मुख्यालयात आल्या आहेत. म्युनिकची एक मुलगी मजकूर घ्यायला बसते, घाबरते, टंकलेखनात चुका करते. हिटलर रागावत नाही. पुन्हा एकदा करून पाहू, असं समजुतीने सांगतो. मुलीला नोकरी मिळते. पुढच्याच दृश्यात आपण २० एप्रिल १९४५ ला येतो. त्याचा छप्पन्नावा वाढदिवस, आणि बर्लिनवर रशियन तोफगोळे पडताहेत.

तिथून पुढचे दहाबारा दिवस आपण जमिनीखालच्या बंकरमध्ये असतो. नकाशावर हिटलर अस्तित्वात नसलेल्या फौजा हलवतो आहे. सेनापती एकमेकांकडे पाहतात, पण बोलत कुणी नाही. श्टाइनरच्या फौजेने हल्ला केलाच नाही हे कळल्यावर तो फुटतो, खोलीबाहेर उभ्या असलेल्या बायका रडू लागतात. वर शहरात बारा-चौदा वर्षांची पोरं रणगाड्यांपुढे उभी केली जाताहेत. २९ एप्रिलला एव्हा ब्राउनशी लग्न, मृत्युपत्र, दुसऱ्या दिवशी दोघांची आत्महत्या. आणि १ मे रोजी गोबेल्सची पत्नी माग्दा स्वतःच्या सहा मुलांना आधी गुंगीचं औषध देते आणि मग झोपेत त्यांच्या तोंडात विष फोडते. थोरली हेल्गा बारा वर्षांची, धाकटी चार वर्षांची. हे दृश्य पाहताना माणूस खुर्चीत नीट बसू शकत नाही. तिथे संगीताचा आक्रोश नाही, आईच्या डोळ्यांत पाणी नाही. एकेका खाटेपाशी जाणं आणि पांघरूण सारखं करणं, एवढंच.

आता प्रतिक्रियांकडे वळू.

प्रदर्शनापूर्वीच जर्मनीत एक प्रश्न गाजला. ‘बिल्ड’ या तिथल्या सर्वाधिक खपाच्या दैनिकाने तो सरळ विचारला : राक्षसाला माणूस म्हणून दाखवावं का? हिटलर पडद्यावर पहिल्यांदा आला होता असं मात्र नाही. १९४० साली चॅप्लिनने त्याची टर उडवली होती. १९५५ साली पाब्स्ट या नामवंत दिग्दर्शकाने जर्मन भाषेतच याच बंकरवर चित्रपट केला होता. अलेक गिनेस, अँथनी हॉपकिन्स यांच्यासारख्या नटांनी इंग्रजीत ही भूमिका केली होती. पण एवढ्या मोठ्या खर्चाच्या, घरोघरच्या प्रेक्षकांसाठी काढलेल्या जर्मन चित्रपटात तो असा केंद्रस्थानी येणं, आचारीणबाईच्या स्वयंपाकाचं कौतुक करणं, कुत्रीला थोपटणं, चिटणीस मुलींशी मायेने बोलणं, याची जर्मन प्रेक्षकाला सवय नव्हती.

आपल्याला या वादाची उलटी बाजू ठाऊक आहे. १९७२ साली ‘घाशीराम कोतवाल’ रंगभूमीवर आलं, तेव्हा आपण ज्यांना मोठं मानतो त्या नाना फडणवीसांना हीन दाखवलं म्हणून पुण्यात वादळ उठलं. जर्मनीत तक्रार नेमकी उलट होती : ज्याला आपण हीनातला हीन मानतो, त्याला माणसात का आणलं? दोन्हीकडे भीती एकच, की रंगमंचावरचं चित्र खऱ्या इतिहासाची जागा घेईल.

सर्वांत कडक टीका आली ती विम वेंडर्स या दिग्दर्शकाकडून. ऑक्टोबर २००४ मध्ये ‘डी त्साइट’ या साप्ताहिकात त्यांनी दीर्घ लेख लिहिला. यात एक गंमत आहे. १९८७ साली वेंडर्स यांच्याच चित्रपटात ब्रुनो गान्झने बर्लिनवर पहारा देणाऱ्या, लोकांच्या मनातले विचार ऐकणाऱ्या देवदूताची भूमिका केली होती. तोच नट आता त्याच शहराखाली हिटलर झाला होता. पण वेंडर्स यांचा राग नटावर नव्हता. त्यांचा आक्षेप असा, की या चित्रपटाला स्वतःचं काही म्हणणंच नाही. सुरुवात चिटणीस मुलीच्या नजरेतून होते, मग ती नजर सुटते आणि कॅमेरा कुणाच्याही पाठीमागे फिरू लागतो. आपण हे नक्की कुणाच्या डोळ्यांनी पाहतो आहोत? आणि दुसरा मुद्दा फार टोकदार होता. चित्रपटात माणसं पटापट मरतात, डोक्यात गोळ्या घातलेल्या दाखवल्या जातात, पाय कापलेले दाखवले जातात. मग हिटलर मरतो तेव्हाच दार बंद का होतं? तो मेला हे प्रेक्षकाला का पाहू दिलं नाही? बाकी सगळ्यांचं उघडं मरण आणि त्याच्या एकट्याच्या मरणाला पडदा, हा आदर कशासाठी?

याच्या नेमकं विरुद्ध मत एका इतिहासकाराचं होतं. इयन केरशॉ यांनी हिटलरचं दोन खंडांचं चरित्र लिहिलं आहे. चित्रपटांतल्या हिटलरांबद्दल त्यांचं मत फारसं बरं नव्हतं. ‘गार्डियन’मध्ये त्यांनी लिहिलं, की आजवर पाहिलेल्या हिटलरांपैकी मनाची पकड घेणारा हाच एक. हिटलरही माणूसच होता, हे दाखवण्यात गैर काय, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

पुढच्या वर्षी अमेरिकेत हाच वाद वेगळ्या शब्दांत झाला. ‘न्यू यॉर्कर’चे समीक्षक डेव्हिड डेन्बी यांनी गान्झच्या अभिनयाची तारीफ केली, आणि लगेच विचारलं : हिटलर हा एक पटण्याजोगा माणूस होता हे कळलं, पण त्याने जे केलं त्याला हे उत्तर पुरेसं आहे का? त्यावर शिकागोचे रॉजर ईबर्ट यांनी जे लिहिलं ते मला समंजस वाटतं. पुरेसं नाहीच, असं ते म्हणाले; पण पुरेसा ठरेल असा कोणताच चित्रपट निघू शकत नाही, आणि कोणतंच उत्तर पुरेसं नाही. फेब्रुवारी २००५ मध्ये ऑस्करच्या परकीय भाषांतल्या चित्रपटांच्या यादीत ‘डेर उंटरगांग’ होता. पारितोषिक मात्र स्पॅनिश चित्रपटाला मिळालं.

समीक्षक असे भांडत असताना प्रेक्षक काय करत होते? ते तिकिटं काढत होते. जर्मनीत ४५ लाखांहून अधिक लोकांनी हा चित्रपट चित्रपटगृहात जाऊन पाहिला. गर्दी झाली म्हणजे चित्रपट खरा, असं अर्थातच नाही. पण गर्दीला हसणंही बरोबर नाही. जर्मनीलाच याचा अनुभव होता. जानेवारी १९७९ मध्ये पश्चिम जर्मनीत ‘होलोकॉस्ट’ ही अमेरिकन दूरदर्शन मालिका दाखवली गेली. एका ज्यू कुटुंबाची कथा. छळछावणीतून वाचलेले लेखक एली विझेल यांनी अमेरिकेतल्या प्रक्षेपणाच्या वेळीच तिच्यावर कडाडून टीका केली होती. एवढ्या मोठ्या संहाराची तुम्ही मालिका करून टाकलीत, असा त्यांचा राग होता. तो खोटा नव्हता. पण सुमारे दोन कोटी जर्मनांनी ती पाहिली. दूरदर्शन केंद्रांवर हजारो फोन आले. घराघरांत मुलं आईवडिलांना विचारू लागली, तुम्ही तेव्हा कुठे होता? त्याच वर्षी जुलैमध्ये पश्चिम जर्मनीच्या संसदेने खुनाच्या गुन्ह्यावरची मुदतीची मर्यादा रद्द केली, म्हणजे नाझी मारेकऱ्यांवर पुढेही खटले भरता येऊ लागले. हे एका मालिकेमुळेच घडलं असं म्हणता येणार नाही. त्या मागणीला जनमताचा जोर मात्र मिळाला. साधी, कदाचित भाबडी कलाकृतीही कधी कधी बैठकीच्या खोलीतला अबोला मोडते.

‘डेर उंटरगांग’वरचे काही आक्षेप मात्र इतक्या सहज बाजूला सारता येत नाहीत. चित्रपटात शेंक नावाचे एक डॉक्टर आहेत. वरून गोळे पडत असताना ते जखमींची सेवा करतात. प्रेक्षकाला त्यांचा आधार वाटतो. प्रत्यक्षातल्या एर्न्स्ट ग्युंथर शेंक यांचं नाव मौटहाउझेन छळछावणीतल्या कैद्यांवरच्या आहारप्रयोगांशी जोडलं गेलेलं आहे. तसेच मोन्के नावाचे एसएस सेनानी. चित्रपटात ते सामान्य नागरिकांची काळजी करतात. त्यांच्यावर १९४० साली फ्रान्समध्ये इंग्रज युद्धकैद्यांच्या हत्याकांडाचा आरोप होता. खटला कधी उभा राहिला नाही. चित्रपट यातलं काही सांगत नाही. अंधाऱ्या गोष्टीत एखादा बरा माणूस हवा, ही कथेची गरज असते. पण खरी नावं वापरली की कथेची गरज इतिहासाच्या अंगावर बसते.

आणखी मोठी गोष्ट म्हणजे या बंकरच्या भिंतीबाहेर जे घडलं ते. साठ लाख ज्यूंची हत्या चित्रपटाच्या शेवटी अक्षरांतून कळते. पडद्यावर आपल्याला दिसतात ती बर्लिनमधल्या जर्मनांची हालअपेष्टा. २००२ च्या सुमाराला जर्मनीत वाराच तसा वाहत होता. ग्युंटर ग्रास यांनी युद्धात बुडालेल्या निर्वासितांच्या जहाजावर कादंबरी लिहिली होती, योर्ग फ्रीडरिश यांचं बॉम्बहल्ल्यांत होरपळलेल्या जर्मन शहरांवरचं पुस्तक गाजत होतं. आम्हीही सोसलं, हे बोलायची मुभा समाज स्वतःला देत होता. ते सोसणं खरंच होतं. पण त्यातून ‘एका वेड्याने आम्हा सगळ्यांना बुडवलं’ इथवर घसरायला वेळ लागत नाही, ही टीकाकारांची भीती होती.

मग या सगळ्यात आपण उभं कुठे राहायचं?

मला वाटतं, राक्षस की माणूस, या प्रश्नावर जर्मनीत गरजेपेक्षा जास्त शाई खर्च झाली. अडीच तास नीट पाहिलं तर या चित्रपटाचा नायक हिटलर नाहीच. तो म्हातारा, वाकलेला, एक हात पाठीमागे लपवणारा इसम आता कुणाला स्वतःच्या हाताने काही करू शकत नाही. त्याची सत्ता आहे ती भोवतीच्या माणसांत. नकाशावरची फौज खोटी आहे हे सेनापतींना कळतं, तरी टाच जुळवून ‘जी’ म्हणतात. बाहेर पडायची वाट असूनही माणसं थांबतात. सुशिक्षित, संगीत जाणणारी, टापटिपीची आई ‘नाझीवाद नसलेल्या जगात मुलांनी जगायचं कशाला’ असं म्हणते आणि करून मोकळी होते. मुलांना औषध देताना तिच्या मदतीला एक डॉक्टर उभा आहे. एका दृश्यात, नागरिकांचं काय असं विचारल्यावर गोबेल्स सांगतो, की लोकांनीच आम्हाला कौल दिला, आता त्यांनी भोगावं. चित्रपटातलं सर्वांत थंड वाक्य ते आहे, आणि ते हिटलरच्या तोंडी नाही.

इथे मला आपल्या भाषेतला एक शब्द उपयोगी पडतो. वि. ग. कानिटकरांनी नाझी राजवटीवर लिहिलेलं पुस्तक मराठी वाचकांनी आवडीने वाचलं. त्याचं नाव ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’. असुर पुराणांत पुष्कळ आहेत, पण भस्मासुराची गोष्ट वेगळी. त्याच्या हाताला ती शक्ती उपजत नव्हती. ती वर म्हणून मिळाली होती, देणाऱ्याने खुशीने दिली होती. म्हणून भस्मासुर म्हटलं की गोष्ट एकट्या असुराची राहत नाही; वर कुणी दिला, हा प्रश्न आपोआप येतो. हिटलरला नुसता राक्षस म्हणून सोडून दिलं की हा प्रश्न टळतो. राक्षसाला कुणी नोकरीसाठी अर्ज करत नाही, त्याच्या वाढदिवसाला फुलं नेत नाही. माणूस म्हणून तो समोर आला, मुलीच्या टंकलेखनातल्या चुका पोटात घालणारा साहेब म्हणून आला, की मग कळतं, लाखो सभ्य लोकांना त्याच्या हाताखाली काम करताना अवघड का वाटलं नाही. त्याचा अपराध त्याने रतीभरही कमी होत नाही. भोवतालच्यांची सबब तेवढी कमी होते.

आपल्याकडे हा शब्द आपण किती सैलपणे वापरतो ते पाहा. कडक मुख्याध्यापक हिटलर, शिस्तीचे वडील हिटलर, रजा न देणारा साहेब हिटलर. थट्टेत ठीक आहे. पण ‘देशाला एक हिटलरच पाहिजे, म्हणजे सगळे सरळ येतील’ हे वाक्यही आपण लग्नाच्या पंगतीत, गाडीच्या डब्यात ऐकलेलं असतं, आणि बोलणारा माणूस दुष्ट नसतो. त्याच्या डोळ्यांपुढे वेळेवर सुटणाऱ्या गाड्या असतात. त्याने हा चित्रपट पाहावा. शिस्त शेवटी कुठे गेली, ते त्यात दिसतं : शाळकरी पोरांच्या हातात रणगाडे फोडायची शस्त्रं आणि भिंतीशी लटकवलेले, ‘पळपुटा’ अशी पाटी गळ्यात अडकवलेले म्हातारे.

परकीय भाषेतला चित्रपट पाहताना एक अडचण असते, तिचाही उल्लेख करायला हवा. आपण खालच्या ओळी वाचतो, त्यामुळे शब्द कळतात, बोलण्याचा लहेजा निसटतो. जर्मन प्रेक्षकाने गान्झच्या बोलण्यातला ऑस्ट्रियन हेल ऐकला, त्या जुन्या फितीतला खर्ज ऐकला. जर्मन न येणाऱ्याला मुख्यतः आरडाओरडा ऐकू येतो. याचा परिणाम पुढे फार चमत्कारिक झाला. बंकरमधल्या त्या संतापाच्या दृश्याखाली लोकांनी आपल्या मनाच्या ओळी लिहायला सुरुवात केली. आवाज तोच, हावभाव तेच, आणि खाली हिटलर चिडलेला असतो तो कधी आवडता संघ हरला म्हणून, कधी फोन बिघडला म्हणून. इंटरनेटवर असे असंख्य तुकडे निघाले, आपल्या देशातही निघाले. २०१० साली निर्मिती संस्थेने ते काढून टाकायचा प्रयत्न करून पाहिला. दिग्दर्शक हिर्शबीगेल यांनी मात्र आपल्याला ते आवडतात, असं सांगितलं. ज्यांनी मूळ चित्रपट कधी पाहिला नाही त्यांनाही आज गान्झचा चेहरा ठाऊक आहे, आणि तो पाहून हसू येतं.

हसू वाईट नाही. हुकूमशहाला हसणं हे तर धैर्याचं काम, चॅप्लिनने ते वेळेवर केलं. पण हसण्याने माणूस ओळखीचाही होतो. २०१५ साली जर्मनीत ‘एर इस्ट वीडर दा’, म्हणजे ‘तो परत आलाय’ नावाचा चित्रपट निघाला. हिटलर आजच्या बर्लिनमध्ये जागा होतो, अशी त्याची कल्पना. त्यात बंकरमधल्या त्या दृश्याची नक्कलही आहे. काही भागांसाठी नट हिटलरच्या वेशात खऱ्या रस्त्यांवर फिरला. काहींनी त्याला हाकललं, पण पुष्कळांनी शेजारी उभं राहून फोटो काढून घेतले, आणि काहींनी परदेशी लोकांबद्दलच्या मनातल्या गोष्टी त्याच्याजवळ मोकळेपणाने बोलून दाखवल्या. तो नट आहे हे माहीत असूनही. विनोदी चित्रपटातला हा भाग पाहताना हसू थांबतं.

म्हणून मी ‘डेर उंटरगांग’ पाहणाऱ्याला सुचवीन, की तो एकटा पाहू नका. त्याच्याबरोबर आणखी दोन चित्रपट पाहा. पहिला माहितीपट, ‘इम टोटन विंकेल’. गाडीच्या आरशात न दिसणारा जो कोपरा असतो, त्याला जर्मनमध्ये हे म्हणतात. आंद्रे हेलर आणि ओटमार श्मीडरर यांनी २००२ साली तो केला. त्यात तीच ट्राउडल युंगे, आता ऐंशी वर्षं ओलांडलेली, कॅमेऱ्यासमोर बसून दीड तास बोलते. जुनी दृश्यं नाहीत, संगीत नाही. नुसती बाई आणि तिचा आवाज, जवळजवळ रेडिओच. फेब्रुवारी २००२ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात तो पहिल्यांदा दाखवला गेला आणि त्यानंतर काही तासांतच ती गेली.

याच मुलाखतीचे तुकडे ‘डेर उंटरगांग’च्या आरंभी आणि शेवटी घेतले आहेत. शेवटचा तुकडा ऐकण्यासारखा आहे. युद्धानंतर न्युर्नबर्गच्या खटल्यातून तिला सगळे भयंकर प्रकार कळले. पण आपल्याला तेव्हा माहीत नव्हतं, आपण लहान होतो, या समाधानावर ती बरीच वर्षं जगली. मग एकदा म्युनिकमध्ये एका रस्त्यावर तिला सोफी शोलच्या नावाची पाटी दिसली. सोफी शोल ही नाझींविरुद्ध पत्रकं वाटल्याबद्दल फेब्रुवारी १९४३ मध्ये शिरच्छेद झालेली विद्यार्थिनी. तिचं वय जवळजवळ युंगेएवढंच. एक मुलगी हिटलरच्या टंकयंत्रापाशी नुकती रुजू झाली होती, त्याच सुमाराला दुसरी मृत्यूला सामोरी गेली. त्या पाटीपुढे आपल्याला कळून चुकलं, असं युंगे म्हणते, की तरुण असणं ही सबब नाही; शोध घेतला असता तर कळू शकलं असतं.

दुसरा चित्रपट अर्थातच या सोफीवरचा. मार्क रोटेमुंड यांचा ‘सोफी शोल : डी लेट्झ्टन टागं’, म्हणजे ‘अखेरचे दिवस’. तो २००५ सालचा, म्हणजे ‘डेर उंटरगांग’ पाठोपाठचा. तिथेही बंद खोल्या आहेत, टेबलापलीकडे अधिकारी आहे, मरण ठरलेलं आहे. पण एकवीस वर्षांची मुलगी त्या खोलीत ‘नाही’ म्हणते. बंकरमध्ये जो एक शब्द जवळजवळ कुणाच्याच तोंडून बाहेर पडत नाही, तो इथे ऐकू येतो. एका चित्रपटाने सोडलेली जागा दुसऱ्याने भरली, आणि हे काम प्रेक्षकाला स्वतःला करावं लागतं. समीक्षक वाट दाखवील, पण दोन चित्रपट शेजारी ठेवायचे ते आपणच.

शेवटी बर्लिनमधल्या एका जागेबद्दल. बंकर होता तिथे युद्धानंतर अनेक वर्षं काहीही खूण नव्हती. वर मोटारी उभ्या करायची जागा आणि आजूबाजूला राहत्या इमारती. खूण ठेवावी तर कुणी तिथे हार वाहायला येईल ही भीती, न ठेवावी तर जागेभोवती नुसत्या दंतकथा वाढतील ही अडचण. चित्रपटावरच्या वादात जो पेच होता, तोच इथे. मे २००५ मध्ये तिथून चालत जाण्याइतक्या अंतरावर, शहराच्या अगदी मध्यभागी, मारल्या गेलेल्या युरोपातल्या ज्यूंचं स्मारक खुलं झालं. काँक्रीटचे २७११ चौकोनी ठोकळे, त्यांवर एकही नाव नाही. आणि २००६ च्या जूनमध्ये बंकरच्या जागी एक साधा माहितीफलक उभा राहिला. त्यावर नकाशा, तारखा आणि काय कुठे होतं एवढंच. चौथरा नाही, पुतळा नाही, जागा लपवलेलीही नाही.

मला हा तोडगा शहाणपणाचा वाटतो. मारणाऱ्याच्या जागी माहिती, आणि मारल्या गेलेल्यांसाठी शहराच्या मध्यावर भली मोठी मोकळी जागा. ‘डेर उंटरगांग’ हा त्यातला पहिला फलक आहे असं समजून तो पाहावा. तो वाचावा, नीट वाचावा, आणि मग तिथेच न थांबता चार पावलं पुढे त्या ठोकळ्यांपर्यंत चालत जावं.